एक लाख अठ्ठेचाळीस हजारांची न्हाणी

“एक लाख अठ्ठेचाळीस हजार? आणि ते सगळं अडीच ओळींत?” माईंनी कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला. “दे इकडे तो फोन. अक्षर मोठं कर जरा.”

मी कुंपणाच्या भिंतीवरून फोन पुढे केला. प्लंबरने वहीच्या पानावर लिहून त्याचा फोटो पाठवला होता. ‘वरचे बाथरूम तोडून नवीन करणे. मटेरियल व लेबरसहित. टाइल्स व फिटिंग चांगल्या प्रतीचे. रु. १,४८,०००/-. जीएसटी एक्स्ट्रा. ४० टक्के ॲडव्हान्स.’ खाली लपेटदार सही.

“चांगल्या प्रतीचे!” माई हसल्या. “म्हणजे कुणाच्या मते चांगल्या? त्याच्या, तुझ्या, की दुकानदाराच्या?”

माई बांधकाम खात्यातून निवृत्त झाल्या. अनुरेखक म्हणून लागल्या, पुढे आरेखक झाल्या. नकाशे काढता काढता साहेबांची अंदाजपत्रकं तपासायची सवय जडली ती कायमची. आमच्या सांगलीच्या या कॉलनीत कुणीही घराला हात लावायचा ठरवला की कागद आधी माईंच्या कुंपणावर येतो. फी म्हणून कढीपत्ता किंवा एखादी बातमी.

“महाग आहे का, एवढंच सांगा,” मी म्हटलं. “आमचे हे म्हणतात, सरळ लूट आहे.”

“लूट आहे की नाही हे या कागदावरून देवालासुद्धा सांगता यायचं नाही. आकडा आहे, पण कशाचा आकडा ते कुठं लिहिलंय?”

तेवढ्यात समोरच्या घरातले भाऊ दुधाची पिशवी घेऊन परतत होते. आकडा कानावर पडला म्हटल्यावर ते पुढे कसे जातील?

“दीड लाख? वहिनी, फसवलं तुम्हाला. आमचं बाथरूम ७२ हजारांत झालं. टाइल बघा कसली चकचकीत आहे.”

“कधी झालं, भाऊ?” माईंनी अगदी गोड आवाजात विचारलं.

“झाली की काही वर्षं. पुराच्या आधी.”

“म्हणजे २०१९ च्या महापुराच्या आधी. बरं, पाइप बदलले का तेव्हा?”

“पाइपला काय झालं होतं? चांगले लोखंडी होते.”

“कमोड?”

“जुनंच बसवलं. टाइल पण जुनी काढली नाही, वरूनच चिकटवली. कचरा नाही, धूळ नाही. चार दिवसांत काम खलास.”

“आणि मग दार लागेना म्हणून खालून कापलंत,” माई म्हणाल्या. “ते मला आठवतंय, सुताराला फोन मीच दिला होता.” माझ्याकडे वळून म्हणाल्या, “यांनी बाथरूमला नवं लुगडं नेसवलं गं. तू हाडं बदलायला निघालीस. दोन्हीचे पैसे सारखे कसे होतील?”

भाऊंनी दुधाची पिशवी या हातातून त्या हातात घेतली, पण हलले नाहीत.

“आता मला सांग,” माई म्हणाल्या, “मुळात हे काम काढलंस कशासाठी?”

“स्वयंपाकघराच्या छताला ओल आलीय ना. बरोबर गॅसच्या वर. रंग दोनदा दिला, दोनदा गेला.”

“मग या कागदावर वॉटरप्रूफिंग कुठं आहे?”

मी पुन्हा वाचलं. नव्हतं. अक्षरसुद्धा नव्हतं. ज्या दुखण्यासाठी एवढा घाट घातला त्याचं नावच कागदावर नाही, आणि आम्ही नवरा-बायको महिनाभर टाइल बेज घ्यायची की राखाडी यावर अबोला धरून बसलोय!

“तो म्हणेल, त्यात धरलंय. कदाचित धरलंही असेल. माणूस लबाड नाही तो. पण ‘धरलंय’ म्हणजे सिमेंटच्या पाण्यात पावडर कालवून ब्रश मारणं, की जुना कोबा काढून, कोपरे गोल करून, भिंतीवर फूटभर चढवून दोन हात देणं? साठेक चौरस फुटांचं काम आहे ते. नीट केलं तर सात हजारांपर्यंत जाईल, ब्रश मारला तर सातशे. आणि टाइल बसली की वरून दोन्ही सारखंच दिसतं.”

भाऊ म्हणाले, “पण केलं की नाही कळणार कसं?”

“नहाणी ट्रॅपला बोळा घालायचा, दोन इंच पाणी भरायचं आणि अठ्ठेचाळीस तास सोडायचं. टाइल लावायच्या आधी. खाली छताला ओलीच्या कडेने खडूची खूण करून ठेवायची आणि ओल सरकते का बघायचं. यात प्लंबरचा पैसा जात नाही, दोन दिवस जातात. म्हणून त्याला नको असतं. कागदावर लिहून घेतलं तर तो दोन दिवस धरूनच चालतो.”

मग माईंनी आत जाऊन भिंतीवरच्या कॅलेंडरचं मागच्या महिन्याचं पान फाडून आणलं. कोरी बाजू वर. “माप सांग.”

“पाच बाय सात. टाइल सात फुटांपर्यंत.”

“चार भिंती मिळून चोवीस फूट. गुणिले सात, १६८. दार वजा जाता दीडशे. जमीन ३५. झाले १८५. कापाकापी, कोपरे, फूटतूट, याला १० टक्के. म्हणजे २०५ चौरस फूट धर. फुटाला ५५ रुपयांची टाइल घेतली तर किती?”

“अकरा हजार… पावणेतीनशे.”

“बघ. तुमचा अबोला ज्याच्यावरून चाललाय त्याची सगळी किंमत बारा हजारांच्या आत. उद्या हट्टाने ९० रुपयांची घेतलीस तरी सात हजार वाढतील. मोरबीहून भरून येते टाइल, त्यात लपवण्यासारखं काही नसतं. दुकानात जाऊन भाव विचारता येतो. लपतं ते भिंतीच्या पोटात.”

भिंतीच्या पोटातलं प्रकरण माईंनी चवीने सोडवलं. आमचं घर ऐंशीच्या दशकातलं. जीआय पाइप. सकाळी पहिला नळ सोडला की चहासारखं पाणी येतं. बाहेरून पाइप पाऊण इंची दिसतो, आत गंजाने शिसपेन्सिलीएवढी वाट उरलेली. असल्या जुन्या पाइपला बाथरूमच्या दारात नवा पाइप जोडून दिला तरी ‘नवीन प्लंबिंग’ म्हणता येतं. टाकीपासून बदलला तरी तेच म्हणता येतं. फरक काही हजारांचा.

“सीपीव्हीसी घालतो म्हणालाय,” मी म्हटलं.

“कुठला? एसडीआर ११ की साडेतेरा?”

मी भाऊंकडे बघितलं. भाऊंनी आभाळाकडे.

“पाइपच्या बाहेरच्या व्यासाला त्याच्या जाडीने भागायचं. भागाकार मोठा तर पाइप पातळ. गिझरच्या गरम पाण्याला मी तरी अकराच घेईन. पाइपवर छापलेलं असतं गं सगळं. आयएस १५७७८ हा भारतीय मानकाचा नंबर बघायचा, त्याच्या शेजारी एसडीआर. चष्मा लावून वाचता येतं. कंपनी कुठली यावर भांडण्यापेक्षा हे दोन आकडे लिहून घे. आणि भिंत बुजवायच्या आधी पंप लावून प्रेशर धरून बघायचं. शिवाय प्रत्येक भिंतीचा मोजपट्टी धरून फोटो काढून ठेवायचा. उद्या आरशासाठी खिळा मारायला गेलीस आणि ड्रिल पाइपात गेलं, तर मग खरी लूट होते.”

उरलेलं पान भराभर भरलं. तोडफोडीचे मजूर आणि राडारोडा. इथे माईंनी ब्रासमध्ये हिशेब केला. भिंतींचा दीड इंच गिलावा नि टाइल, खालचा सहा इंचांचा भर, मोकळा झाला की फुगणार, तरी पाऊण ब्रासच्या आत. ट्रॅक्टरची एकच ट्रॉली. “दोन ट्रॉलीचे पैसे मागितले तर दुसऱ्या ट्रॉलीत कुणाचा राडारोडा जातोय ते विचार.” मग पाइप आणि प्लंबरची मजुरी २८ हजार. गिलावा, सिमेंट, वाळू, गवंडी, सगळे मिळून २२ हजार. टाइल, ती बसवणं, ग्राउट, साडेपंचवीस. कमोड, बेसिन, नळ, डायव्हर्टर मधल्या भावाचे धरून २८. ग्रॅनाइटची चौकट आणि पीव्हीसी दार ७. गिझरचा पॉइंट, पंखा, वायरमन साडेतीन. तोडफोड नि ट्रॉली १२, वॉटरप्रूफिंग ७.

“एक लाख तेहेतीस,” माईंनी रेघ मारली. “हे आपल्या गावातले भाव. पुण्यात मजुरी वेगळी, तिथल्या भाच्याला फोन करून घोळ घालू नकोस.”

“म्हणजे १५ हजार जास्त सांगितले त्याने!” भाऊंना एकदम हुरूप आला.

“जास्त? तो काय धर्मादाय करायला आलाय? केंद्र सरकारच्या बांधकाम खात्याच्या दरविश्लेषणात कंत्राटदाराचा नफा आणि वरखर्च म्हणून १५ टक्के धरतात. याला साडेअकरा सुद्धा पडत नाहीत. दोन आठवडे तो गवंडी, सुतार, वायरमन यांच्या मागे फिरणार, बिगारी आला नाही तर स्वतः घमेलं उचलणार. त्याचे पैसे नकोत?”

मला खरं तर हायसं वाटलं, पण ह्यांना हे कसं सांगायचं ही वेगळीच काळजी लागली. त्यांनी दुसऱ्या एकाकडून ९८ हजारांचा भाव मागवून ठेवला होता आणि जेवताना रोज तो आकडा वाढत होते.

“ते ९८ हजार कसे निघाले मग?” मी विचारलं.

“तो माणूस घरी आला होता?”

“नाही. यांनी बाथरूमचे फोटो पाठवले, त्याने अर्ध्या तासात रक्कम पाठवली.”

“टेप न लावता! आणि आपला?”

आपला आला होता. टेप लावला, नाण्याने टाइल वाजवून पोकळ कुठे आहे ते बघितलं, गच्चीवर जाऊन टाकीचं झाकण उघडलं, खाली येऊन स्वयंपाकघराच्या ओलीवर हात फिरवला. चहा दोनदा घेतला, हेही खरं.

“म्हणजे त्याला काम कळलंय, लिहिता येत नाही एवढंच. ९८ वाल्याला कामच माहीत नाही. त्याच्या कागदात दार नसेल, वायरमन नसेल, राडारोडा नसेल. तोडफोड होईल, घरात एकच संडास उरेल, तो पण खालचा, आणि मग एकेक ‘एक्स्ट्रा’ निघायला लागेल. अर्ध्यात तोडलेलं बाथरूम घेऊन तू घासाघीस करणार आहेस का? त्या वेळी तो म्हणेल ती पूर्व दिशा.”

एक्स्ट्रा अजिबात निघणार नाही असं माईंचं म्हणणं नव्हतं. जुनी भिंत फोडल्यावर आत काय सापडेल हे कुणालाच माहीत नसतं. पण मिस्त्रीचा दिवस केवढ्याला, बिगाऱ्याचा केवढ्याला, हे दर आधी ठरवावेत, आणि विचारल्याशिवाय एक्स्ट्रा सुरू करायचं नाही हेही.

“नळ-फिटिंग आपणच आणलं तर?” भाऊंनी नवा मार्ग काढला. “या लोकांना दुकानातून कमिशन असतं. खोक्यात कुपनं पण निघतात त्यांच्यासाठी.”

“असतं की. म्हणून काय झालं? दुकानदार तुम्हाला ती कुपनं देणार आहे? आणा तुम्ही नळ, जरूर आणा. मग सहा महिन्यांनी डायव्हर्टर गळायला लागला की प्लंबर म्हणणार वस्तू खराब, दुकानदार म्हणणार बसवणारा खराब, आणि तुम्ही दोघांच्या मधे बादली घेऊन उभे. मी म्हणते, दुकानात दोघांनी मिळून जायचं. मॉडेल तू पसंत कर, पक्कं बिल तुझ्या नावावर घे, वॉरंटी कार्ड तुझ्याकडे ठेव. पुढचं कमिशन त्यांचं त्यांना लखलाभ.”

मी मधेच आठवण केली की कमोड मात्र मी बघून ठेवलंय, सेलमध्ये होतं. माई दचकल्याच. “घेतलं नाहीस ना? आधी भिंतीपासून खालच्या भोकाच्या मध्यापर्यंत माप घ्यायचं. काहींना नऊ इंच लागतात, काहींना बारा. चुकलं की एक तर भांडं भिंतीपासून हात लांब बसतं, नाहीतर बसतच नाही.”

आता राहिले ते दोन छोटे शब्द, जीएसटी एक्स्ट्रा. त्यावर माईंनी बोट ठेवलं आणि मला गुणाकार करायला लावला. १८ टक्क्यांनी २६,६४० रुपये. टाइलच्या दुपटीहून जास्त.

“त्याच्याकडे जीएसटी नंबर आहे का?”

“विचारलं नाही.”

“विचार. पंधरा अंकी-अक्षरी असतो, आपल्या महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असली तर असल्या कामवाल्याला नोंदणी लागत नाही, पण मग गिऱ्हाइकाकडून जीएसटी घेताही येत नाही. सिमेंट, टाइल, पाइप यांच्यावरचा कर तो दुकानात भरतोच, तो भावात आलाय. नंबर नसताना वर आणखी १८ टक्के म्हणजे तो कर सरकारला नाही, त्याच्या बुलेटला.”

बुलेटचा विषय निघाला आणि पाच-दहा मिनिटं कामाचं बोलणंच थांबलं. ती कर्जावर घेतली की रोख, मुलगा आयटीआयला जातो तो चालवतो की बाप, आणि मागच्या गल्लीतल्या बंगल्याच्या कामात त्याला म्हणे चांगले सुटले. त्या बंगल्यात काचेचं पार्टिशन, भिंतीतून लटकलेलं कमोड आणि छताएवढा शॉवर आहे, मात्र गच्चीवरची टाकी फार उंच नसल्याने त्या शॉवरमधून पाणी पडत नाही, ठिबकतं. ही बातमी भाऊंची. माईंनी ती अत्यंत समाधानाने ऐकून घेतली.

आणि तेवढ्यात बुलेटचाच आवाज आला. प्लंबर गल्लीच्या तोंडाशी वळला, आम्हा तिघांना कुंपणाशी बघितलं आणि माईंच्या हातातलं कॅलेंडरचं पान बघून गाडी जरा लांबच उभी केली.

“माई, नमस्कार. मला वाटलंच, माझी फाइल इकडं फिरणार.”

“ये बाबा ये. फाइल कसली, चिठ्ठी आहे तुझी. वॉटरप्रूफिंग धरलंस का?”

“धरलंय की.”

“काय धरलंस?”

तो डोकं खाजवत उभा राहिला. मग खरं बोलला. “वरचा एक हात धरला होता, माई. कोबा काढायचा धरला नव्हता. कोबा काढायचा तर मजुरी वाढते. वहिनींना रक्कम ऐकून धक्का बसू नये म्हणून…”

“आणि पाइप?”

“साडेतेराचा धरलाय. सगळे तोच घालतात.”

“वायरमन?”

“तो वहिनींचा.”

“जीएसटी नंबर?”

“अजून काढला नाही. ते सगळे लिहितात म्हणून लिहितो.”

भाऊ विजयाने माझ्याकडे बघत होते, पण माईंनी त्याला झापलं नाही. कुंपणावर पान ठेवलं, पेन त्याच्या हातात दिलं आणि एकेक ओळ सांगून लिहून घेतली. कोबा काढून वॉटरप्रूफिंग, भिंतीवर एक फूट, अठ्ठेचाळीस तास पाणी भरून, साडेसहा हजार वाढले. एसडीआर ११ पाइप टाकीपासून, दीड हजार. वायरमनसकट गिझर आणि पंख्याचा पॉइंट, साडेतीन. टाइल ५५ रुपयांपर्यंत, वर गेली तर फरक आमचा. नळांची मॉडेलं दुकानातून आल्यावर लिहायची. जीएसटीवर काट.

पैशांच्या हप्त्यांवर मात्र तो अडला. ४० टक्क्यांशिवाय सामान कसं उचलू, दुकानदार आता उधार देत नाही, मागच्या एका गिऱ्हाइकाने शेवटचे पंचवीस हजार अजून दिले नाहीत. हे बोलताना त्याचा आवाज बदलला. माईंनी त्याला मधे तोडलं नाही. शेवटी असं ठरलं: ३० टक्के सुरुवातीला, ३० टक्के पाइपची चाचणी आणि पाणी भरून झाल्यावर, ३० टक्के टाइल लागल्यावर, आणि १० टक्के काम संपल्यापासून महिन्याने. “सरकारात याला अनामत म्हणतात,” माई म्हणाल्या. “आणि हे शेवटचे दहा टक्के महिन्याच्या दिवशी देणं तुझी जबाबदारी गं, त्याला हेलपाटे घालायला लावायचे नाहीत.”

त्याने बेरीज केली. १,५९,५००. माई काही बोलल्या नाहीत, नुसतं चष्म्यावरून बघितलं.

“बरं, एक छप्पन्न. त्याच्या खाली नाही, माई, आईशप्पथ.”

“झालं!” भाऊंनी हात झटकले. “तासभर पंचायत करून आठ हजार वाढवून घेतले. धन्य आहे.”

“त्याचा आधीचा कागद जीएसटी धरून एक लाख चौऱ्याहत्तर हजार सहाशेचा होता, भाऊ. आणि त्यात गळती तशीच राहिली असती.” माईंनी पान माझ्या हातात दिलं. “फोटो काढून नवऱ्याला पाठव. ९८ वाल्याला पण हाच कागद पाठव आणि म्हण, या यादीप्रमाणे भाव दे. बघ काय येतं.”

प्लंबरने बुलेटला किक मारली, मग पुन्हा बंद केली. “भाऊ, तुमच्या त्या बाथरूममागच्या भिंतीचे पोपडे पडत होते, त्याचं काय केलंत?”

“ते पावसामुळं होतं,” भाऊ म्हणाले.

“मार्चमध्ये?”

भाऊंना एकाएकी दूध तापवायचं राहिल्याची आठवण झाली. फाटकापर्यंत गेले, थांबले, आणि आम्हाला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाले, “सोमवारी वहिनींकडे येशील तेव्हा जरा इकडं पण टेप लावून जा. नुसतं बघायला, हं.”